मोफत अँटिव्हायरसच्या जाहिराती: आधी ओळखा, खिडकी कोणाची?

इंदूरच्या रामबागेकडच्या एका मराठी मंडळाचे कोषाध्यक्ष विचारतात:

"गणपतीत आम्ही आरतीचे शब्द प्रोजेक्टरवर दाखवतो, म्हणजे मुलांनाही म्हणता येतात. यंदा दुसऱ्या कडव्यावर पडद्याच्या कोपऱ्यात लाल खिडकी उघडली. 'तुमचा संगणक धोक्यात आहे, आजच घ्या, ६० टक्के सूट.' मुलं खिदळली, अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. लॅपटॉपवर एक मोफत अँटिव्हायरस आहे, शिवाय लॅपटॉपसोबत आलेला दुसरा एक आहे, त्याची मुदत संपली असं तो रोज सांगतो. सचिवांनी मध्यंतरी कंटाळून स्वतःच्या कार्डाने एका खिडकीत पैसे भरले, तरी जाहिराती आहेतच. दुकानदार म्हणतो तीन वर्षांचं लायसन्स घ्या. हे इशारे खरे असतात का? बंद कसे करायचे? विकतचा घ्यावा का? लॅपटॉपवर वर्गणीदारांची यादी आणि हिशेब आहेत, म्हणून भीती वाटते."

काका, आरतीत जे दिसलं ते व्हायरस शिरल्याचं लक्षण बहुधा नव्हतं. व्हायरस असा हाक मारून येत नाही. हिशेबाच्या फायली पळवायला आलेला प्रोग्रॅम साठ टक्के सूट देत बसत नाही, तो गुपचूप काम करतो. तेव्हा अध्यक्षांना सांगा, लॅपटॉप आजारी नाही, त्यावर फेरीवाले बसलेत.

मी इंदुरात बावीस वर्षं घरोघरचे आणि छोट्या ऑफिसांतले कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हे फेरीवाले बसवण्यात माझाही हात आहे, ते आधी कबूल करतो. २००५ ते २०१२ या काळात पेन ड्राइव्हमधून व्हायरस अक्षरशः सर्दीसारखे पसरायचे. झेरॉक्सच्या दुकानात बायोडेटाची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह दिला की तो घरी येताना काहीतरी घेऊन यायचा. लावल्याबरोबर आपोआप चालू होणाऱ्या फायली, सगळे फोल्डर गायब आणि जागेवर शॉर्टकट, हे रोजचं. विंडोज एक्सपीत स्वतःचा अँटिव्हायरस नव्हताच. मग आम्ही फॉरमॅट मारला की पाठोपाठ एक मोफत अँटिव्हायरस टाकायचो. अव्हास्टमधली ती बाई इंग्रजीत 'व्हायरस डेटाबेस अपडेट झाला' असं खणखणीत सांगायची, ते सायबर कॅफेत बसलेल्या प्रत्येकाला पाठ होतं. अव्हिरा दिवसातून एकदा मोठी खिडकी उघडून पैशाची आवृत्ती घ्या म्हणायचा, ती मिटवली की दिवस मोकळा. एवढ्यावर भागत होतं. सौदा रास्त वाटायचा.

सौदा बदलला, आमची सवय तशीच राहिली. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच येतो. तरीही मी पुढची कितीतरी वर्षं नव्या लॅपटॉपवर मोफतवाला टाकत राहिलो, कारण गिऱ्हाईक विचारायचं, "अँटिव्हायरस टाकला ना?" टाकला म्हटलं की त्याचं समाधान आणि माझी सुटका. सुदामानगरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मीच टाकलेल्या अशा प्रोग्रॅमच्या खिडकीवर विश्वास ठेवून 'जुने ड्रायव्हर अपडेट करणारं' काहीतरी विकत घेतलं. त्यानंतर त्यांचा प्रिंटर बंद पडला, तो दुरुस्त करायला मीच गेलो आणि मला चहाही मिळाला. त्या दिवसापासून मी ते टाकणं सोडलं.

आता तुमची लाल खिडकी. अशा खिडक्यांमागे तीन वेगवेगळे मालक असू शकतात, आणि लोक तिन्हींना 'अँटिव्हायरसची जाहिरात' म्हणतात. मालक ओळखल्याशिवाय उपाय केला तर उपाय फुकट जातो. सचिवांचं बहुधा हेच झालं.

माझ्याकडे ही तक्रार घेऊन जे येतात, त्यांतल्या निम्म्याअधिक लोकांच्या खिडकीचा अँटिव्हायरसशी काही संबंधच नसतो. ती खिडकी ब्राउझरची असते, हा पहिला मालक. त्याचं असं होतं: कोणीतरी आरतीसंग्रहाची पीडीएफ, एखादं जुनं गाणं किंवा क्रिकेटची फुकट मॅच शोधत एका भलत्या साइटवर जातं. तिथे लिहिलेलं असतं, 'तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा.' माणूस दाबतो. प्रत्यक्षात त्याने त्या साइटला सूचना पाठवायची कायमची परवानगी दिलेली असते. साइट बंद केली तरी परवानगी राहते, आणि मग उजव्या खालच्या कोपऱ्यात नामांकित अँटिव्हायरस कंपनीच्या चिन्हासकट सूचना यायला लागतात: पाच व्हायरस सापडले, लायसन्स संपलं, आत्ता नूतनीकरण करा. कंपनीने त्या पाठवलेल्या नसतात. काही दुवे बनावट पानावर जातात. काही चक्क खऱ्या कंपनीच्या दुकानापर्यंत नेतात, कारण तिथे विक्री झाली की मधल्या दलालाला कमिशन मिळतं. तुमच्या लॅपटॉपवर त्या कंपनीचा प्रोग्रॅम असो वा नसो, त्यांना देणंघेणं नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. सूचनेत बारीक अक्षरांत क्रोम किंवा एज हे नाव आणि एखाद्या साइटचा विचित्र पत्ता दिसतो. दिसला की क्रोमच्या तीन ठिपक्यांमधून सेटिंग्ज, तिथे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. सूचना पाठवायची मुभा असलेल्या साइटींची यादी तिथे असते. जे नाव ओळखीचं नाही ते काढून टाका, आणि त्याच पानावर 'साइटींना विचारूच देऊ नका' हा पर्याय निवडा. एजमध्येही साइटच्या परवानग्यांखाली असंच पान आहे. दहा मिनिटांचं काम, आणि यासाठी कोणी तुमच्याकडून 'व्हायरस काढण्याचे' पैसे घेतले असतील तर पुढच्या वेळी त्याच्याकडे जाऊ नका.

याच जातीचा एक उग्र प्रकार म्हणजे पूर्ण पडदा व्यापणारं पान. भोंगा वाजतो, 'कॉम्प्युटर बंद करू नका' असा दम असतो आणि खाली मायक्रोसॉफ्टचा म्हणून एक फोन नंबर. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यात फोन नंबर देत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, मग आल्ट आणि एफ-४. नाहीच गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर तिथून बंद करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' विचारेल, त्याला नाही म्हणा. फोन लावला आणि समोरच्याने लॅपटॉपचा ताबा देणारं ॲप टाकायला लावलं, तर गोष्ट जाहिरातीपुरती राहत नाही. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० ला फोन करा, सायबर फसवणुकीसाठीची ती सरकारी मदतवाहिनी आहे. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

दुसरा मालक म्हणजे लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला पाहुणा. लॅपटॉप कंपनी तो आधीच टाकून देते, महिना-वर्षभर चालतो, मग रोज गळ्यात पडतो. यावर फार बोलण्यासारखं नाही. काढून टाका. नूतनीकरण केलं नाही तर काहीतरी भयंकर होईल असं तो सांगतो, पण खरा धोका उलटाच आहे. मुदत संपलेला अँटिव्हायरस नव्या व्हायरसांची माहिती घेत नाही, आणि दारात तो उभा दिसत असल्याने विंडोजचा स्वतःचा पहारेकरी मागे राहू शकतो.

तिसरा मालक तो मोफत अँटिव्हायरस स्वतः. इथे जरा थांबावं लागेल, कारण लोकांचा खरा राग याच्यावर आहे आणि तो योग्य आहे.

या प्रोग्रॅमला लॅपटॉपमध्ये सगळ्यात वरचे अधिकार लागतात. त्याशिवाय तो प्रत्येक फाइल तपासणार कशी? तो विंडोजसोबतच सुरू होतो आणि दिवसभर जागा असतो. म्हणजे ज्याला आपण घराच्या किल्ल्या दिल्या, त्यालाच दिवाणखान्यात फलक लावायची सोय झाली. त्याची जाहिरात विंडोजच्या सूचनांच्या रांगेतून येईलच असं नाही. बऱ्याचदा तो स्वतःची खिडकी स्वतःच रंगवतो. म्हणून विंडोजमध्ये 'व्यत्यय नको' लावून ठेवलं तरी ही खिडकी आरतीत उगवतेच. तुमच्याकडे तसंच झालं असावं.

पैसे कसे मिळवतात तेही बघा. फुकट वापरणाऱ्यांतले थोडे लोक जरी पैशाच्या आवृत्तीकडे वळले तरी धंदा चालतो, म्हणून सगळा जोर वळवण्यावर. तपासणी संपते आणि लिहून येतं, 'व्हायरस नाही, पण १२ समस्या आहेत.' त्या समस्या उघडून बघा. कुकीज असतात, जुने ड्रायव्हर असतात, तात्पुरत्या फायलींचा कचरा असतो, आणि एक कायमची, 'तुमचा आयपी पत्ता सगळ्यांना दिसतोय.' अहो, दिसणारच. पत्ता दिसल्याशिवाय पोस्टमन पत्र आणणार कुठे? नुसत्या पत्त्याला 'धोका' म्हणून लाल रंग द्यायचा आणि शेजारी व्हीपीएनचं, म्हणजे तो पत्ता झाकणाऱ्या सेवेचं, बटण ठेवायचं, ही विक्रीची पद्धत झाली. आपल्याकडे अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात ना, फिरते दिवे, हलणारे पुतळे, तशीच ही स्कॅनची झांकी. बघायला छान, पण आपण रस्त्यावर उभे राहून बघतो, तिच्यात राहायला जात नाही.

मला याहून जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. खरा इशारा आणि जाहिरात यांना हे लोक एकच कपडे घालतात. तोच लाल रंग, तेच उद्गारचिन्ह, तोच कोपरा. माणूस महिनाभरात शिकतो की लाल खिडकी आली की बघायचं नाही, मिटवायची. 'लांडगा आला रे आला' ओरडणारा गुराखी इथे खुद्द राखणदारच आहे. जेल रोडजवळच्या एका हिशेबनिसाच्या ऑफिसात मुलाने मेलमधून आलेलं बिल उघडलं, अँटिव्हायरसने खराखुरा इशारा दिला, आणि त्याने तो सवयीने मिटवून 'तरीही उघडा' दाबलं. विचारलं तर म्हणाला, "भिया, ये तो रोज आता है." त्याचं काय चुकलं? सुदैवाने हिशेबाची प्रत आदल्या शनिवारच्या हार्ड डिस्कवर होती. आठवड्याच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या.

आणि फुकटची किंमत कधी कधी न सांगता वसूल होते. प्रागच्या अव्हास्टची जंपशॉट नावाची उपकंपनी होती. लोक कोणकोणत्या साइटी बघतात ती माहिती अँटिव्हायरस आणि ब्राउझरच्या जोडण्यांमधून गोळा होऊन जंपशॉटमार्फत विकली जात होती. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी ते उघड केलं, त्याच महिन्यात कंपनीने जंपशॉट बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घातली. पाळत ठेवणाऱ्यांपासून वाचवतो असं सांगून विकलेला माल होता तो. नॉर्टन या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीने २०२१ मध्ये तर सुरक्षेच्या पॅकेजमध्येच तुमच्या कॉम्प्युटरकडून क्रिप्टो नाणी, म्हणजे आभासी चलन, कमावून घेण्याची सोय दिली होती. वीज तुमची, कॉम्प्युटर तुमचा, आणि मिळकतीतला १५ टक्के वाटा त्यांचा. ती सुरू करायची की नाही हे वापरणाऱ्याच्या हातात होतं, हेही सांगायला हवं. पण अँटिव्हायरसमध्ये हे असावं हेच मला कळलं नव्हतं.

'हा जाहिराती दाखवतो, मग तो दुसरा घेऊ' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडी वंशावळ. एव्हीजी हा दुसरा मोफत अँटिव्हायरस बनवणारी कंपनी २०१६ मध्ये अव्हास्टने घेतली. सफाईवाला सीक्लीनर २०१७ मध्ये त्याच घरात आला. अव्हिरा नॉर्टनने घेतली, आणि २०२२ मध्ये अव्हास्टही नॉर्टनकडेच गेली. सगळ्यांची मालक आता जेन डिजिटल नावाची एकच कंपनी. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात तीन गाड्यांवरची जिलबी खाऊन बघावी आणि कढई एकच निघावी, तसं. प्रोग्रॅम बदलल्याने जाहिराती थांबल्या नाहीत असं कोणी म्हणालं की मला नवल वाटत नाही.

मग काय ठेवायचं? तुमच्या लॅपटॉपवर विंडोज १० किंवा ११ असेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे: दोन्ही अँटिव्हायरस काढा आणि विंडोजचा डिफेंडर राहू द्या. तो फुकट आहे आणि काही विकत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, मायक्रोसॉफ्टही वनड्राइव्हची आठवण करून देत असतं, पण तुम्हाला व्हायरस झालाय असं खोटं सांगून नव्हे. 'फुकटात आलेला, तो कसला चांगला' ही शंका दहा-बारा वर्षांपूर्वी बरोबर होती, तेव्हा चाचण्यांत तो मागे पडायचा. जर्मनीच्या माग्देबुर्ग इथली एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ गुण देते. २०१९ पासून डिफेंडरने तिथे १८ पैकी १८ अनेकदा मिळवले आहेत. पैकीच्या पैकी विकतच्यांनाही मिळतात. तुम्ही पैसे देऊन तिथे काय जादा घेता, हा मग वेगळा प्रश्न.

काढताना क्रम पाळा. आधी वर्गणीदारांची यादी, पावत्या आणि हिशेब एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क ही राखीव प्रत होत नाही, लॅपटॉपला जे होईल ते तिलाही होतं. मग सेटिंग्जमध्ये ॲप्स उघडून मुदत संपलेला पाहुणा आधी काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, मग मोफतवाला काढा, पुन्हा रीस्टार्ट. काढताना तो गयावया करेल. 'खरंच असुरक्षित राहायचंय?' असं मोठ्या हिरव्या बटणावर आणि 'हो, काढा' असं फिकट करड्या अक्षरांत. करडं दाबा. त्याच कंपनीचा ब्राउझर, सफाईवाला आणि व्हीपीएन सोबत आलेले असतात, तेही यादीतून शोधून काढावे लागतात. मुख्य प्रोग्रॅम गेला तरी ते राहतात, आणि मग लोक म्हणतात काढूनही जाहिराती येतात. साध्या मार्गाने निघाला नाही तर बहुतेक कंपन्या काढणीचं वेगळं हत्यार स्वतःच्या साइटवर देतात. ते त्यांच्याच साइटवरून घ्या. शोधात सगळ्यात वर 'प्रायोजित' म्हणून जे येतं त्यावर क्लिक करू नका, तिथे दुसराच फेरीवाला बसलेला असतो.

शेवटी स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' लिहून ते उघडा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनवर हिरवी खूण हवी. दुसरा अँटिव्हायरस गेला की डिफेंडर आपण होऊन जागा होतो, पण डोळ्यांनी बघून घ्या. तिथेच ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये 'नको असलेली ॲप्स अडवा' अशा अर्थाची सोय आहे, ती चालू करा. दुसऱ्याच्या इन्स्टॉलरच्या पोटात लपून येणारी टूलबारं आणि सफाईवाले ती बरेचसे अडवते.

विंडोज १० असेल तर आणखी एक. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज अपडेटच्या पानावर तसा दुवा दिसतो का बघा. अपडेट हे अँटिव्हायरसपेक्षा महत्त्वाचं आहे असं मी म्हणतो ते उगाच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर कॉम्प्युटर बंद पाडले, पण ज्या भोकातून तो शिरला ते मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बुजवलं होतं. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं ते सापडले. लॅपटॉप विंडोज ७ चा निघाला, तर मात्र त्यावर बँकेचं काही करू नका आणि पुढच्या सभेत नव्या लॅपटॉपचा ठराव मांडा.

आता दुकानदार. त्याला वाईट म्हणू नका, अँटिव्हायरसच्या प्रत्येक डब्यामागे कमिशन असतं आणि दुकानभाडं त्यातूनच निघतं. मीही डबे विकले आहेत. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलाश काटकरांनी आणि त्यांच्या भावाने पुण्यात क्विक हील उभं केलं, तेव्हा आम्हा दुरुस्तीवाल्यांना आपलाच कोणी मोठा झाल्यासारखं वाटलं होतं, आणि त्यांचे डबे मी अभिमानाने विकले. विकतच्या अँटिव्हायरसला जागा आहे. दहा-वीस कॉम्प्युटरचं ऑफिस असेल, सगळ्यांवर एका ठिकाणाहून लक्ष ठेवायचं असेल, मुलांच्या वापराला कुंपण घालायचं असेल, किंवा अडचण आली की मराठी-हिंदीत बोलणारा माणूस फोनवर हवा असेल, तर जरूर घ्या. एका लॅपटॉपच्या मंडळाला गरज नाही. घ्यायचाच ठरला तर तीन वर्षांचा एकदम घेण्याआधी एक वर्षाचा घ्या. आणि विकत घेतल्यावर जाहिराती थांबतील असं धरून चालू नका. पैसे भरलेल्यालाही 'आता व्हीपीएन घ्या, आता सफाईवाला घ्या' हे सुरू राहू शकतं. फक्त भाषा जरा आदराची होते.

सचिवांच्या पैशांकडे येतो. त्यांनी आधी बँकेच्या विवरणात पैसे कोणाच्या नावे गेले ते बघावं. खरी कंपनी असेल तर लायसन्स त्यांच्या ईमेलवर आलेलं असेल, आणि पैसे परत मागायची मुदत शिल्लक आहे का ते त्याच मेलमध्ये सापडेल. पण बहुतेक वेळा नकळत दरवर्षीची आपोआप वसुली चालू होते. पहिलं वर्ष स्वस्त, दुसऱ्या वर्षी पूर्ण दर. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे कार्डावरून अशी वसुली होण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायला हवं, आणि ती नाकारायची सोय द्यायला हवी. तो संदेश लोक जाहिरात समजून पुसतात, हे वर सांगितलेल्या लांडग्याचंच पिल्लू. बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरच्या स्थायी सूचनांची यादी असते. तिथून आत्ताच रद्द करा, शिवाय कंपनीच्या खात्यात जाऊनही नूतनीकरण बंद करा. आणि नाव अनोळखी निघालं तर कार्ड बंद करून नवं घ्यायचं आणि १९३० ला कळवायचं, त्यात विचार करत बसू नये.

तक्रार करता येते का, तर येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ फसव्या मांडण्यांची यादी अधिसूचित केली. खोटी घाई, पुन्हा पुन्हा तगादा, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, हे सगळं तिच्यात आहे. आणि कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे असं भासवून तो काढण्याचं बनावट हत्यार विकणं हा तर त्यातला स्वतंत्र प्रकार. म्हणजे तुमच्या लाल खिडकीची जवळजवळ जन्मपत्रिकाच. खिडकीचा फोटो काढून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर नोंदवा. यातून तुमची खिडकी लगेच बंद होणार नाही, ती तुम्हालाच बंद करायची आहे. पण नोंद असलेली बरी.

कोणी सभासद म्हणेल, मला माझा मोफतवालाच हवा. असू दे. त्याच्या सेटिंग्जमध्ये सूचना आणि खासगीपणा अशी दोन पानं शोधून ऑफर दाखवण्याच्या आणि माहिती वाटून घेण्याच्या खुणा काढायला सांगा. मोठं अपडेट आलं की पुन्हा बघायला सांगा, खुणा परत लागलेल्या सापडतात. काही प्रोग्रॅम तर आपण पाठवलेल्या मेलच्या तळाशी 'व्हायरसमुक्त' अशी स्वतःच्या दुव्यासह ओळ जोडतात. मंडळाचं निमंत्रण तुमचं आणि त्याखाली फलक त्यांचा. तीही खूण सेटिंग्जमध्येच असते. मोबाइलवर मात्र मोफत अँटिव्हायरस टाकूच देऊ नका. २०१९ मध्ये ऑस्ट्रियाच्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जने अँड्रॉइडची २५० अँटिव्हायरस ॲप्स तपासली, त्यांतल्या फक्त ८० ॲप्सना वाईट ॲप्सपैकी ३० टक्क्यांहून जास्त ओळखता आली. बाकीच्यांचं मुख्य काम जाहिराती दाखवणं हेच असावं, असं मला वाटतं.

राहिला प्रोजेक्टर. तुम्ही लॅपटॉपचा पडदा जसाच्या तसा भिंतीवर टाकता, म्हणून लॅपटॉपवर जे उगवेल ते सगळ्यांना दिसतं. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबा आणि 'डुप्लिकेट'च्या जागी 'एक्स्टेंड' निवडा. मग भिंत हा वेगळा पडदा होतो. आरतीचे शब्द तिकडे ढकला. सूचना आणि खिडक्या सहसा घड्याळाच्या कोपऱ्यात, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य पडद्यावर येतात, तेव्हा त्या फक्त तुम्हालाच दिसतील. कार्यक्रमापुरतं इंटरनेटही बंद ठेवा, आरतीला लागत नाही.

कोजागिरीच्या गाण्यांचे शब्द याच लॅपटॉपवरून दाखवणार असाल तर त्याआधीची एक दुपार मोकळी ठेवा. सगळं मिळून दीड-दोन तास लागतील, त्यातला तासभर विंडोजच्या अपडेटचा. तेवढ्यात पोहे होतात.